पैशाचं सोंग

सम महिन्यांच्या पंधरा तारखेला पेन्शन जमा होते.
त्या दिवशी मी उभी असते हिमीच्या टपाल कचेरीत, एटीएमपाशी,
अंगावर पिवळा पट्टा, हातात पत्रकांचा गठ्ठा.
कानाला फोन लावून पैसे काढणारा म्हातारा दिसला
की हलकेच विचारायचं, आजोबा, पलीकडे कोण आहे?
बहुतेक जण रागावतात.
एकाने तर छत्री उगारली होती.
पलीकडे त्याची बायको होती, मुळा आणायला सांगत होती.

कुनिएदाबाई मात्र स्वतःहून चौकीत आल्या,
बुटांवरचा बर्फ उंबऱ्याशी झटकून.
तीन रात्री फोन येतोय, म्हणाल्या. आई, मी बोलतोय, मी.
कंपनीची बॅग गाडीत विसरलो,
चाळीस लाख येन भरायचेत उद्यापर्यंत.
आवाज त्याचा नाही.
खोकला मात्र अगदी त्याचा आहे.

या कामाला आमच्याकडे नाव आहे,
वरून आलेल्या परिपत्रकात ठळक छापलेलं:
फसल्याचं सोंग.
बाईंनी हो म्हणायचं, पाकीट तयार ठेवायचं,
आम्ही दडून बसायचं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणे.
मी आणलं. चौकीतली रद्दी, एक कटर,
नोटेच्या मापाचे चारशे तुकडे.
पेपर निघाला त्याच आठवड्यातला,
फसवणुकीविरुद्ध नवी योजना, पहिल्या पानावर,
आणि कुणा मंत्र्याचं हसू
माझ्या हातून बरोबर मधोमध कापलं गेलं.

गाद्यांच्या कपाटात मी, गुडघे हनुवटीला,
डांबरगोळ्यांचा वास.
बाहेर किटली कुरकुरत होती.
तो आला. एकोणीस वर्षांचा.
कोट दुसऱ्याचा, बाह्या बोटांपर्यंत,
खाली पांढरे पळायचे बूट.
वकिलांकडून आलोय, म्हणाला,
आणि स्वतःचं नाव सांगताना दोनदा अडखळला.
ठरलं होतं एवढंच, पाकीट द्यायचं आणि मागे सरायचं.
बाईंनी पाकीट सोडलंच नाही.
विचारलं, जेवलास का?

हे आमच्या कागदावर नव्हतं.
त्याच्याही नसावं.
त्याच्या कानातल्या इवल्या यंत्रात कुणीतरी खेकसत होतं.
तो म्हणाला, नाही.

मग मी दार सरकवलं.

अहवालात एक रकाना असतो, नुकसान.
त्यात मी लिहिलं, शून्य येन.
जिल्ह्याहून बाईंना प्रशस्तिपत्र आलं, सोनेरी किनारीचं,
आणि नगरपालिकेकडून फुकट यंत्र, फोनला जोडायचं.
घंटी वाजण्याआधी ते पलीकडच्याला बजावतं:
हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे.
फेब्रुवारीत तपासायला गेले तर दिवा बंद.
वायर गुंडाळून ठेवलेली, नीट, रुमालात.
मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या,
तो खरा, नागोयाचा, त्याने एकदा केला होता फोन.
नंबर दिसला. मी उठून पोचेपर्यंत
यंत्राने त्याला बजावलं, त्याने ठेवून दिला.
चहा घे, निवतोय.

नोंदवहीत मी लिहिलं, यंत्र सुस्थितीत.

त्या रात्री चौकीतून घरी फोन लावला.
आई, मी बोलतेय.
मी कोण?
अगं, मी.
टीव्हीचा आवाज बारीक झाला.
परवलीचा शब्द सांग, आई म्हणाली,
तूच ठरवून दिलास ना नववर्षाला,
ते पत्रक वाचून दाखवलंस, मला दटावलंस.
मी आठवत राहिले.
शब्द माझा, अक्षर माझं,
फ्रीजवर चिकटवला तोही मीच,
आणि समोर भिंतीवर तेच पत्रक, मीच लावलेलं,
ज्यात बाकी सगळं होतं.
सांग ना, आई म्हणाली.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, सांग ना गं.
फोन मात्र तिने ठेवला नाही.